ड्रामा स्कूलला जायचंय? मग ऑडिशनसोबत कागदपत्रांचीही तालीम करा

नाटकवाल्या पोरापोरींना कळकळीने एकच सांगायचंय, ऑडिशनची तयारी सगळेच करतात, पण कागद आणि पैसा या दोन गोष्टी शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि चांगली चांगली मुलं तिथेच मागे पडतात. दिल्लीच्या एनएसडीचा, म्हणजे नॅशनल स्कूल ऑफ ड्रामाचा, तीन वर्षांचा डिप्लोमा डोक्यात असेल तर आधी बघा की पदवी हातात आहे का, वय अठरा ते तीसमध्ये बसतंय का आणि किमान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा आहे का. हा पुरावा गोळा करायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो. राज्य नाट्य स्पर्धा, पुरुषोत्तम आणि फिरोदियासारख्या पुण्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, कॉलेजची एकांकिका, जिथे जिथे उभे राहिलात तिथलं सर्टिफिकेट शोधा, नाहीच मिळालं तर ज्यात तुमचं नाव छापलंय ते ब्रोशर किंवा पेपरातलं कात्रण चालेल का बघा, आणि दिग्दर्शकाकडून लेटरहेडवर नाटकाचं नाव, भूमिका, प्रयोगाची तारीख, सही असं सगळं लिहून घ्या. ग्रुप फुटले, दिग्दर्शक सिरियलीत बिझी झाले की मग सहीसाठी मागे फिरावं लागतं, म्हणून आजच फोन लावा. नाटकातल्या जाणकार माणसाचं शिफारसपत्रही त्याच दमात मागून घ्या.

फक्त दिल्लीवर मात्र अडून बसू नका, तिथे देशभरातून येणाऱ्यांसाठी जागा अगदी थोड्या असतात. पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची कलिन्यातली अ‍ॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, पणजीची कला अकादमी, भोपाळचं मध्य प्रदेश नाट्य विद्यालय, एवढ्यांची माहितीपत्रकं एकत्र डाउनलोड करून तारखा एकाच कॅलेंडरवर टाका. नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा मागच्या बॅचच्या सिनियरने सांगितलेलं प्रमाण न मानता यंदाची नोटीस स्वतः वाचा.

आता ऑडिशन. नोटिशीत उतारे दिले असतील तर त्यातलेच घ्या, दोन एकमेकांपासून लांबचे निवडा, एक गाणं आणि थोडी हालचाल तयार ठेवा. हिंदी उतारा असेल तर आपल्याकडच्या मुलांनी ‘चाल’, ‘जाल’ असे शब्द मोठ्याने म्हणून रेकॉर्ड करून ऐकावेत, कारण मराठीत हा च आणि ज दातांजवळून येतो, हिंदीत जीभ टाळूला लागते, आणि आपल्याला ते लक्षातच येत नाही. हिंदी मातृभाषा असलेल्या मित्राला समोर बसवा, तो लगेच पकडतो. मुलाखतीत आपल्या भागाबद्दल विचारलं तर गप्प राहू नका, कोकणातला असाल तर दशावतार, विदर्भातला असाल तर तिथल्या झाडीपट्टी भागातली नाटकं जाऊन बघून या, नुसतं वाचून बोललेलं समोरच्याला कळतं.

पैशाचं म्हणाल तर एनएसडीत मुलांना दरमहा स्कॉलरशिप मिळते, त्यामुळे घरी ‘खर्च कोण करणार’ हा प्रश्न आला की हे आधी सांगा. महाराष्ट्रातल्या विद्यापीठात असाल तर महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल, त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तर जातीचा दाखला आणि त्याची व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, आणि आधारशी लिंक केलेलं बँक खातं, यातलं लिंकिंग बरेच जण विसरतात आणि मंजूर झालेला पैसा अडकतो. तुमचा कोर्स कुठल्या योजनेत बसतो हे कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर ॲडमिशनच्या दिवशीच विचारा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी वेगळी योजना आहे, वय १८ ते २५, दोन वर्षं महिना ५,००० रुपये, नाटक त्यात येतं, पण गुरूकडे किंवा संस्थेत काही वर्षं शिकल्याचा दाखला लागतो, म्हणजे पुन्हा तेच, सही आजच घ्या.

आणि एक, स्कॉलरशिपचा पहिला हप्ता उशिरा येतो असं धरूनच चाला, मेस, डिपॉझिट, प्रवास यासाठी तीनेक महिन्यांचे पैसे बाजूला ठेवूनच गाडीत बसा.