महाबळेश्वर-पाचगणीत कायमचे राहायला जाताना या चुका टाळा

पुण्या-मुंबईची नोकरी घरून करता येऊ लागल्यापासून महाबळेश्वर आणि पाचगणी या गावांकडे सुट्टीचे ठिकाण म्हणून न पाहता राहण्याचे ठिकाण म्हणून पाहणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्यात गैर काहीच नाही. मात्र यातील बहुतेक जण निर्णय घेतात तो दिवाळीनंतरच्या थंडीत किंवा मे महिन्यातल्या गार संध्याकाळी, म्हणजे नेमक्या अशा वेळी की जेव्हा गाव पाहुण्यांसाठी नटलेले असते. राहणाऱ्याचे गाव जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कळते आणि पुढील बहुतेक चुकांचे मूळ हे चार महिने हिशोबात न धरण्यातच आहे.

पाऊस सगळीकडे सारखाच, असे समजणे

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून जेमतेम १९ किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या साधारण एक तृतीयांशच पडतो आणि पसरणी घाट उतरून वाईला आले की तो त्याहूनही कितीतरी कमी होतो. सह्याद्रीची धार ओलांडून पूर्वेला सरकताना ढग रिते होत जातात, त्यामुळे तीस-बत्तीस किलोमीटरच्या पट्ट्यात तीन निरनिराळी हवामाने सापडतात. ‘महाबळेश्वर परिसरात’ घर पाहायला निघालेल्या माणसाने आधी हे ठरवावे की त्याला यांपैकी कोणता पाऊस सोसणार आहे. माझ्या मते लहान मुले, वृद्ध आई-वडील किंवा दम्याचा रुग्ण घरात असेल, तर पाचगणीच्या वर चढूच नये. पाचगणीची हवा क्षयरुग्णांना मानवते म्हणून एके काळी तेथे आरोग्यधाम उभे राहिले हे खरे असले, तरी तो लौकिक कोरड्या हवेचा आहे. श्रावणातल्या बुरशीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

उन्हाळ्यात घर पाहून सौदा करणे

मे महिन्यात नुकताच रंग दिलेले घर कोणालाही आवडते. तेच घर जुलैमध्ये पाहिले तर चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी चढलेली, मिठाला पाणी सुटलेले आणि धुतलेले कपडे चार-चार दिवस दमट असलेले आढळतात. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पावसाळ्यापूर्वी घरांना आणि दुकानांना गवताच्या झड्या (भिंतीबाहेरचे गवताचे आडोसे) बांधण्याची रीत आहे, ती शोभेसाठी नाही. वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस भिंतीवर आदळू नये म्हणून ती पडली. अलीकडे गवताची जागा अनेक ठिकाणी प्लास्टिकच्या कापडाने घेतली आहे, एवढाच फरक. तेव्हा घर पाहताना दर्शनी बाजू सोडून पश्चिमेकडची भिंत आधी पाहावी, कपाटे भिंतीपासून ओढून मागे हात फिरवावा आणि गेल्या पावसाळ्यात झडी कोणी बांधली व तिचा खर्च कोणी केला हे विचारावे.

राहायला गेल्यावर ओल दिसलीच, तर ती कोठून येते हे ठरवल्याखेरीज एक रुपयाही खर्च करू नये. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा ओला असेल तर पाणी पायातून चढते आहे. अशा वेळी जोत्याला टेकलेली माती काढून घराभोवती उताराचे गटार करणे हा पहिला उपाय. डाग छताजवळ असतील तर कौले, पत्रे आणि पन्हळी तपासाव्यात. एकाच भिंतीच्या मधल्या भागात ओल असेल तर बहुधा झड (वाऱ्याबरोबर येणारा आडवा पाऊस) लागते आहे आणि पाखे वाढवून किंवा झडी बांधून ते काम भागते. चौथा प्रकार बंद खोलीतल्या दमटपणाचा, जो फर्निचरच्या मागे काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसतो. त्याला हवा खेळती ठेवणे आणि सामान भिंतीपासून वीतभर दूर ठेवणे एवढेच पुरते. या चारही प्रकारांवर सरसकट आतून जलरोधक रंग फासण्याची जी पद्धत पडली आहे ती पैसे वाया घालवणारी आहे, कारण जांभ्याच्या भिंतीतले पाणी आत कोंडते आणि वर्ष-दोन वर्षांत गिलावा फुगून रंगासकट खाली येतो.

कागद न वाचता जमीन घेणे

महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र सरकारने जानेवारी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. बांधकाम, झाडतोड आणि भूजल उपसा यांवर त्यामुळे निर्बंध आहेत, म्हणून ‘पुढे मजला चढवता येईल’ या दलालाच्या तोंडी आश्वासनाला काही किंमत नाही. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमातील कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, हे शहरातून येणाऱ्यांना अनेकदा इसार दिल्यावर कळते. सातबारा सामायिक आहे का, भोगवटादार वर्ग दोनचा (म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन) आहे का आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात कूळ किंवा बोजा आहे का, हे स्थानिक वकिलाकडून पाहून घ्यावे. महाबळेश्वरचे जुने बंगले तर बरेचसे शासकीय भाडेपट्ट्यावर आहेत. तेथे मुदत आणि शर्ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उत्पन्नाचा हिशोब हंगामावरून करणे

नोकरी सोडून दोन खोल्या पर्यटकांना देण्याचा बेत जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतो. दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे एवढ्याच काळात गर्दी भरवशाची असते, पावसाळ्यात बरीच हॉटेले दर उतरवतात किंवा बंद राहतात, त्यामुळे बारा महिन्यांचा खर्च एवढ्या मोजक्या काळाच्या कमाईतून निघतो का हे आधी कागदावर मांडावे. स्ट्रॉबेरीचे शेतही बाहेरून दिसते तितके सोपे नाही. रोपे, मल्चिंग (वाफ्यांवरचे आच्छादन) आणि मजुरी यांचा पैसा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच गुंतवावा लागतो. बारमाही पगार हवा असेल तर पाचगणीच्या निवासी शाळा हा जुना आणि बरा पर्याय आहे.

घरून काम करणाऱ्यांनी दोन निरनिराळ्या कंपन्यांची इंटरनेट जोडणी आणि किमान काही तास चालणारा इन्व्हर्टर हे भाड्याइतकेच आवश्यक मानावे. झाड पडून तार तुटली की दुरुस्ती पाऊस उघडेपर्यंत थांबते.

घाट नेहमी उघडा असेल, हे गृहीत धरणे

२२ आणि २३ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि दरडी कोसळल्याने पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट बंद पडला. तज्ज्ञ डॉक्टर, मोठी शस्त्रक्रिया, नियमित तपासण्या यांसाठीही घाट उतरूनच वाई, सातारा किंवा पुणे गाठावे लागते, म्हणून नेहमीच्या औषधांचा महिनाभराचा साठा जूनपूर्वी घरात असावा.

या सगळ्याचा अंदाज येण्यासाठी प्रथम भाड्याने राहावे, आणि अकरा महिन्यांचा करार जूनपासून सुरू करावा, म्हणजे पावसाळा आधी अनुभवता येतो. करार नोंदणीकृत असावा आणि दिवाळी, नाताळ व एप्रिल या काळात घर रिकामे करून मागता येणार नाही असे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे, कारण त्या काही आठवड्यांत पर्यटकांकडून मिळणाऱ्या रकमेपुढे घरमालकाला तुमचे महिन्याचे भाडे थोडेच वाटते.