सोनोग्राफीत खडेही निघाले आणि फॅटी लिव्हरही: आता काय करायचं

सातारा जिल्ह्यातल्या माझ्या दवाखान्यात लोक रिपोर्ट घेऊन येतात तेव्हा त्यांनी फक्त शेवटची ओळ वाचलेली असते: ग्रेड दोनचं फॅटी लिव्हर, पित्ताशयात खडे. खड्याने झोप उडालेली असते आणि फॅटी लिव्हरचं, "ते काय, हल्ली सगळ्यांनाच असतं." मी उलटं सांगते. न दुखणारा खडा कित्येकदा वर्षानुवर्षं गप्प बसतो. यकृतातली चरबीही दुखत नाही, पण ती आतून काम चालू ठेवू शकते.

दोन्ही बरोबर निघतात कारण मूळ एकच. पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशयात फक्त साठतं. पोटाचा घेर वाढला, इन्सुलिनचं काम नीट होईनासं झालं, की यकृतात चरबी साठते आणि ते पित्तात कोलेस्टेरॉलही जास्त सोडतं. पित्ताशयही सुस्तावतं, पूर्ण रिकामं होत नाही. मग जुन्या काकवीच्या तळाशी धरतात तसे खडे धरतात. म्हणूनच ऑपरेशन करून पित्ताशय काढलं तरी यकृतातली चरबी जागच्या जागी राहते.

आता रिपोर्ट वरपासून वाचा. पित्ताशयाची भिंत 3 मिमीच्या आत आहे का? पित्तनलिका, म्हणजे रिपोर्टातली 'सीबीडी', साधारण 6 मिमीपर्यंत आहे का? हे ठीक असेल आणि कधी दुखलं नसेल, तर बहुतेकांना ऑपरेशनची गरज नसते. मात्र जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत, खांद्याकडे जात असेल, तर 'गॅस झाला' म्हणून सोडा पिऊ नका, सर्जनना दाखवा.

सोनोग्राफीतल्या ग्रेडवरून यकृत किती कडक झालंय ते कळत नाही. त्यासाठी एएसटी, एएलटी (रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स) आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) तपासून 'फिब-4' हा आकडा काढायचा: वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ. समजा वय 48, एएसटी 42, एएलटी 49, प्लेटलेट 2 लाख 40 हजार. 2016 भागिले 1680, म्हणजे 1.2. आकडा 1.3 च्या खाली असेल तर धोका कमी. वर गेला तर फायब्रोस्कॅनबद्दल, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीबद्दल, विचारा. पासष्टीनंतर ही सीमा 2 धरतात. सोबत एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी) आणि हिपॅटायटिस बी-सी एकदा करून घ्या.

वजन उतरवायचंच, पण सावकाश. 80 किलोच्या माणसाने 4 किलो घटवले तरी यकृतातली चरबी कमी होऊ लागते. 8 किलोंपर्यंत गेलात तर सूजही उतरू शकते. आठवड्याला अर्धा किलो पुरे. दीड किलोच्या वर घटलं तर नवे खडे होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे नवरात्रात नऊ दिवस नुसत्या चहावर राहणं या माणसांसाठी वाईटच. पित्ताशय आकसायला पोटात अन्न जावं लागतं. साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेले उपवासही यकृताच्या कामाचे नाहीत. वेळेवर जेवा: एक भाकरी कमी, मुगा-मटकीची उसळ वाटीभर जास्त, तेल मोजून पण बंद नाही. गोड चहा, थंड पेयं कमी. दारू नकोच. रोज अर्धा तास भरभर चाला.

पानफुटी आणि कुळथाचं पाणी लोक मुतखड्यासाठी घेतात, म्हणून इथेही सुचवतात. पित्ताशयातून लघवीकडे वाटच नाही, खडा तिकडून पडणार कसा? तेल आणि लिंबाचा रस पिऊन शौचातून पडतात ते हिरवट गोळेही तेलाच्याच साबणाचे असतात.

कळ काही तास थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली, उलट्यांबरोबर पाठीत दुखू लागलं, तर सकाळची वाट बघू नका. सर्जन असलेल्या रुग्णालयात त्याच वेळी जा आणि सोनोग्राफीचा जुना रिपोर्ट बरोबर न्या.