एअर ड्रिल घेताय? आधी हवेचा दाब ड्रिलपाशी मोजा

नवी एअर ड्रिल (कॉम्प्रेसरच्या दाबलेल्या हवेवर चालणारी) जोरच धरत नाही, अशी तक्रार रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये महिनाभर चालली. ड्रिल बदलायला निघालो होतो, पण दोष निघाला पाइपात.

१. ड्रिलला हवा देणाऱ्या नळीला ड्रिलजवळ टी (तीन तोंडांचा जोड) लावून छोटा गेज (दाबमापक) बसवा आणि ट्रिगर दाबलेला असतानाच आकडा वाचा. बहुतेक ड्रिलना ९० पीएसआय (दर चौरस इंचावर पाउंड) दाब लागतो. आमच्या कॉम्प्रेसरच्या टाकीवर ११० आणि ड्रिलशी जेमतेम ७०! पाव इंची पाइप काढून ३/८ इंची टाकला, कपलिंगही त्याच मापाचं घेतलं आणि त्याच ड्रिलने एमएसच्या (साध्या माइल्ड स्टीलच्या) पट्टीत सरळ भोक पाडलं.

२. ड्रिलला किती सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) लागतं ते बघा. कॉम्प्रेसरचा एफएडी (तो प्रत्यक्षात देतो ती हवा) त्याच्या दीडपट तरी हवा. डिस्प्लेसमेंटचा (पिस्टनच्या मापावरून काढलेला, कागदावरचा) मोठा आकडा दाखवून दुकानदार भुलवतात, तो धरू नका.

३. पत्र्याच्या कामाला १० मिमी चक (बिट धरणारा जबडा) पुरे. स्टेनलेसला कमी आरपीएमची घ्या.

विजेची ड्रिल सोडून एवढा खटाटोप का? बिट अडकला तरी जळायला विजेची मोटर नाही, वजन कमी, आणि आपल्याकडच्या पावसात ओल्या फरशीवर हातात वायर नसते. मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. मात्र पावसाळ्यात रोज सकाळी टाकीतलं पाणी काढा, ड्रिलमध्ये एअर टूलचं तेल तीन-चार थेंब सोडा.

बिट बदलताना हवेची नळी आधी काढा. हातमोजे घालून ड्रिल चालवू नका, बिटात गुंततात.