गाजर गवत: अख्ख्या गावानं मिळून हटवायचं कसं

गाजर गवत एकट्या शेतकऱ्याला आवरत नाही. त्यानं आपलं रान कितीही निर्मळ ठेवलं तरी शेजारची पडीक जमीन, पाणंद आणि ओढ्याची कड दर साल नवं बी त्याच्या वावरात ढकलत राहतात. १९५५ च्या सुमारास पुण्यात या तणाची नोंद झाली आणि पुढे रस्ते, रेल्वेमार्ग, कालवे धरत ते देशभर गेलं. ज्या जागेकडे कुणी बघत नाही, तिथे त्याचं फावतं. त्यामुळे खुरपं हातात घेण्याआधी गावानं दोन गोष्टी ठरवायच्या: कोणती जागा कोण सांभाळणार आणि कोणत्या तारखांना.

तारखा

उगवल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांत रोप फुलावर येतं. मृगाच्या पावसावर जूनच्या मध्याला उगवलेलं गवत जुलै संपता संपता पांढरं दिसू लागतं. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकारानं दर वर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह होतो आणि बहुतेक गावांत मोहीम तेव्हाच निघते. भाषणं, प्रदर्शन यांसाठी तो आठवडा चांगला आहे. उपटणीची सुरुवात मात्र तेव्हा केली तर उशीर झालेला असतो, पहिलं बी जमिनीवर पडू लागलेलं असतं.

पहिली फेरी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात धरा, दुसरी सप्ताहात, तिसरी सप्टेंबरच्या मध्यावर. गणपतीच्या धामधुमीत तिसरी फेरी हमखास हुकते, म्हणून तिची तारीख आणि माणसं जुलैतच लिहून ठेवायची. गटारांच्या कडा, हातपंपाभोवतीची ओल आणि बागायतीचे पाट इथे हे गवत बारमाही उगवतं. तिथे महिन्यातून एकदा नजर टाकावीच लागते.

शिवारफेरी आणि नकाशा

तलाठ्याकडून गावनकाशाची प्रत घ्या. जूनच्या अखेरीस चार-पाच जणांनी शिवार फिरून त्यावर तीन खुणा करायच्या: तुरळक, पुंजके, दाट. सोबत गट नंबर आणि जागा कुणाच्या ताब्यात आहे तेही लिहायचं: खासगी, गायरान, शाळा, जिल्हा परिषदेचा रस्ता, कालव्याची जमीन.

कामाचा क्रम इथेच ठरतो आणि बहुतेकांचा तो उलटा असतो. सगळ्यांना दिसणाऱ्या दाट पट्ट्यावर पहिल्या दिवशी पन्नास माणसं तुटून पडतात, दमतात आणि परत येत नाहीत. सुरुवात तुरळक जागांपासून करा. तिथे दोन माणसं तासाभरात मोठा टापू मोकळा करतात आणि गवताचा पसारा वाढायचा थांबतो. ओढ्याच्या कडेला वरच्या अंगानं सुरुवात करून खाली या, कारण पाणी बी खाली नेतं. दाट पट्टा शेवटी घ्यायचा आणि तोही कडेकडून आत सरकत.

जी जागा सरकारी खात्याची आहे, तिथल्यासाठी ग्रामपंचायतीच्या ठरावासह पत्र द्या. त्यात ठिकाण, लांबी, फोटो आणि ‘फुलोऱ्याआधी, अमुक तारखेपर्यंत’ असा स्पष्ट उल्लेख हवा. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ एवढंच लिहिलेलं पत्र फाइलीत जातं. बाहेरगावी राहणाऱ्या मालकांना फोन करून परवानगी मागितली तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. त्यांची नावं चावडीवर लावून लाज काढण्याचा प्रकार टाळा. त्यातून भाऊबंदकी जागी होते, गवत जागच्या जागी राहतं.

सभेत काय दाखवायचं

ग्रामसभेत पत्रकं वाटण्यापेक्षा तीन झाडं मुळासकट आणा: जमिनीलगत पानं पसरलेलं कोवळं रोप, उंच व्हायला लागलेलं आणि फुललेलं. पांढऱ्या फुलांचं झाड सगळे ओळखतात, पण उपटायचं असतं ते पहिलं, आणि नेमकं तेच ओळखू येत नाही. शेजारी झेंडूचं आणि शेवंतीचं रोप ठेवा, म्हणजे चुकून परसातली रोपं उपटली जाणार नाहीत. गाजर गवताचं पान फिकट हिरवं, गाजराच्या पाल्यासारखं कातरलेलं आणि बारीक लवेचं असतं.

मग हातमोजा घालून एक वाळलेलं फूल पांढऱ्या कागदावर चुरा. तांदळाच्या दाण्याहून लहान, काळ्या, चपट्या चार-पाच बिया पडतात. भिंगातून त्या सगळ्यांना बघू द्या. एका झाडावर अशी हजारो फुलं असतात आणि एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकू शकतं. हा आकडा नुसता फलकावर वाचून कुणी हलत नाही, कागदावरच्या बिया बघितल्यावर हलतं.

ज्याची त्याची अडचण वेगळी असते, तिथूनच बोलायला लागा. जनावरवाल्यांना सांगा की हे गवत पोटात गेलं तर दूध कडवट होतं. खुरपणीला जाणाऱ्या बायांना हाताची आग आणि चट्टे माहीत असतात, त्यामागे गवतातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य आहे हे माहीत नसतं. परागकणांनी सर्दी, शिंका आणि दमा बळावतो, हे आशाताईंनी सांगितलं तर जास्त पटतं.

उपटणीचा दिवस

पाऊस पडून गेल्यावर, जमीन ओली असताना सकाळी निघा. आठ-दहा जणांची एक तुकडी, प्रत्येकीला नकाशावरचा ठरलेला तुकडा. पूर्ण बाह्या, हातमोजे आणि नाकातोंडावर मास्क लागतोच. हातमोजे कमी पडले तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. घरी गेल्यावर अंघोळ करायची आणि ते कपडे वेगळे धुवायचे. दमा किंवा त्वचेचा त्रास असलेल्यांना नोंदी, पाणी, नकाशा अशी कामं द्या. शाळेच्या मुलांना उपटायला लावू नका. ही सवय सर्रास दिसते आणि ती चुकीची आहे, कारण या गवताची ॲलर्जी वारंवार संपर्कानं जडते आणि एकदा जडली की सहसा पाठ सोडत नाही. मुलांनी लांबून ओळखावं, मोजावं, नकाशा रंगवावा.

रोप बुडाशी धरून सरळ वर ओढायचं. मूळ तुटतंय असं वाटलं तर खुरपं दोन-तीन इंच खाली घालून गड्डा काढायचा. विळ्यानं किंवा ग्रास कटरनं नुसतं कापलं की बुडातून चार फांद्या फुटतात आणि त्या बुटक्याच राहून लवकर फुलतात. काम झाल्यासारखं दिसतं आणि महिन्याभरात गवत दुप्पट झुपकेदार होतं.

उपटलेली रोपं ओल्या बांधावर टाकली तर पुन्हा मूळ धरतात. मुळं वर करून कोरड्या जागी ठेवा. फुललेली झाडं न झटकता पोत्यात भरायची आणि गावातल्या एकाच ठरलेल्या जागी न्यायची, म्हणजे पुढे बी उगवलंच तर तिथेच उगवेल.

फुलाआधीच्या गवताचं खत होतं. तीन फूट खोल, सहा फूट रुंद, दहा फूट लांब खड्डा घ्या. गवताचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती, असं रचत जा आणि वरून शेण, माती, भुसा कालवून लिंपून टाका. चार-पाच महिन्यांत खत तयार होतं. शेतात टाकण्याआधी मूठभर खत ओल्या कुंडीत पसरून दोन आठवडे बघा. गाजर गवत उगवलं तर खत पिकाला घालू नका.

मोकळी जागा मोकळी ठेवू नका

उपटलेल्या जागी काहीतरी उगवणारच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकळ्याच्या शेंगा गोळा करून बी ठेवा आणि एप्रिल-मेमध्ये रस्त्याकडेला, गायरानात फेका. पावसावर टाकळा दाट उठतो आणि गाजर गवताला जागा देत नाही. वस्तीजवळ झेंडू लावला तरी चालतो.

मेक्सिकन भुंगेऱ्याचीही मदत होते. हा कीटक १९८४ मध्ये बंगळूरूला पहिल्यांदा सोडला गेला आणि आता अनेक भागांत आपोआप आढळतो. पावसाळ्यात तो पानं फस्त करतो, हिवाळ्यात जमिनीत दडी मारतो, त्यामुळे वर्षभर त्याच्यावर विसंबता येत नाही. जिथे भुंगेरे दिसतात तो पट्टा नकाशावर वेगळा रंगवा. तिथे फवारणी नको, उपटणीही शेवटी. मिठाचं वीस टक्के द्रावण, म्हणजे पाच लिटर पाण्यात एक किलो मीठ, कोवळ्या रोपांना जाळतं, पण जमीनही बिघडवतं. ते फक्त जिथे कधीच काही पिकवायचं नाही अशा जागी वापरा. तणनाशक वापरायचंच तर कृषी सहायकाला विचारून.

बाहेरून येणारं बी

मोहीम चांगली चाललेली असताना गवत नव्या ठिकाणी अचानक उगवलं तर शेवटी तिथे काय आणून टाकलं होतं ते आठवा. बहुधा मुरूम, माती, शेणखत नाहीतर वैरण असते. मुरमाची खेप घेण्याआधी खाण बघून यायची. जेसीबी, मळणी यंत्र आणि रोटाव्हेटर गावात शिरण्याआधी वेशीजवळ एका जागी झाडून, धुऊन घ्यायचे आणि ती जागा दर पंधरा दिवसांनी तपासायची.

हिशेब

चार-पाच ठिकाणी खुंट्या ठोकून एक मीटर लांब-रुंद चौकोन आखा. प्रत्येक फेरीच्या आधी त्यातली रोपं मोजून वहीत लिहा, त्याच जागेवरून त्याच दिशेला फोटो काढा. जमिनीत गाडलेलं बी काही वर्षं जिवंत राहतं, म्हणून पहिल्या वर्षी आकडा फारसा उतरत नाही आणि नेमका तेव्हाच लोकांचा धीर सुटतो. हे सभेत आधीच सांगून ठेवा. निदान तीन-चार वर्षांची तयारी हवी. व्हॉट्सॲप ग्रुपवर भाषणं नकोत, फक्त फोटो आणि ठिकाण. कुणी फोटो टाकला की तीन दिवसांत त्या भागाच्या तुकडीनं ‘काढलं’ असं उत्तर द्यायचं. दोनदा उत्तर आलं नाही तर लोक फोटो टाकणं थांबवतात. त्यामुळे प्रत्येक तुकडीला एक बदली माणूस नेमून ठेवा.