घरटं आणण्याआधी पाहुणा ठरवा

पक्ष्यांसाठी आणलेलं माझं पहिलं घरटं दिसायला फार गोड होतं. लाल छप्पर, पिवळ्या भिंती, दाराशी बसायला छोटीशी दांडी. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या गॅलरीत ते दीड वर्ष लटकलं आणि तेवढ्या काळात आत बिऱ्हाड केलं ते फक्त मुंग्यांनी. शेजारच्या काकांचा जन्म सुतारकामात गेलेला. एकदा त्यांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "हे साफ करायला उघडायचं कुठून?" उघडायची सोयच नव्हती. तळाला पाणी निघायला भोक नाही, आतून गुळगुळीत व्हर्निश, आणि दार एवढं मोठं की साळुंकी आरामात शिरेल. "दिवाणखान्यात ठेवा, शोभेल," म्हणाले.

म्हणून दुकानात जाण्याआधी हे वाचा.

आधी आठवडाभर नुसतं बघा

सकाळचा चहा गॅलरीत किंवा अंगणात घ्या आणि कोण येतं ते कागदावर लिहा. नाशिकच्या वस्तीत साधारण ठरलेली मंडळी दिसतात: चिमणी, साळुंकी, बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर, होला, मुनिया, तांबट, कावळा आणि न बोलावता येणारे पारवे. यातले बहुतेक जण लाकडी घरट्यात कधीच राहत नाहीत. बुलबुल झुडपात किंवा टांगलेल्या कुंडीत वाटी विणतो, शिंपी पानं शिवतो, शिंजीर फांदीच्या टोकाला पिशवी लटकवते, तांबट स्वतःच वाळल्या फांदीत भोक पाडतो. यांना राजवाडा बांधून दिलात तरी ते आत जायचे नाहीत. त्यांच्यासाठी जास्वंद, तुती, पेरू, कढीपत्ता लावा. कढीपत्त्याची काळी फळं बुलबुल मिटक्या मारत खातात.

घरटं लावायचं ते पोकळीत राहणाऱ्यांसाठी. आपल्याकडे त्यात मुख्य तिघं: चिमणी, दयाळ आणि साळुंकी. साळुंकीला आपल्या मदतीची गरज नाही, ती दुकानाच्या पाटीमागेही संसार थाटते. खरी अडचण चिमणीची आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यांत तुळईच्या सांध्यात, कौलांखाली, भिंतीवरच्या तसबिरीमागे तिला जागा असायची. स्लॅबच्या सपाट इमारतीत एक फट सापडत नाही. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून साजरा होतो, तो सुरू करण्यात पुढाकार नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीचा होता, हे आपल्या गावातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

घरटं निवडताना टेप बरोबर ठेवा

सगळ्यात महत्त्वाचं माप दाराचं. चिमणीसाठी गोल भोक ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. यात चिमणी जाते, साळुंकी अडते. दयाळाला साधारण २ इंचांचं भोक लागतं. त्याहून मोठं केलंत, तर घर कोणासाठीही बांधा, राहायला साळुंकीच येणार.

आतली जमीन चिमणीला ५ × ५ इंच पुरते, दयाळाला ६ × ६ द्या. दाराची खालची कड तळापासून ५ इंच तरी वर हवी. दार खाली असेल तर पिल्लं बाहेर पडतात आणि मांजराचा पंजा आत पोचतो. दाराबाहेरची दांडी काढून टाका. चिमणीला तिची गरज नसते, ती सोय होते कावळ्याची.

मग बाकीचं तपासा. फळी १५ ते २० मिलिमीटर जाड असावी. पत्र्याचं घरटं एप्रिलमध्ये तव्यासारखं तापतं, पुठ्ठ्याचं पहिल्या पावसात लगदा होतं. मडक्याचं चालतं, पण आत हात घालून साफ करता येईल असं तोंड बघून घ्या. तळाला पेन्सिलीएवढी चार भोकं, छपराखाली हवेला फट, छप्पर पुढे दोन इंच आलेलं. आतून रंग, पॉलिश काही नको. खरखरीत लाकडावर पिल्लांना नख्या रोवता येतात. आणि काकांचा प्रश्न विसरू नका, एक बाजू बिजागरीवर उघडली पाहिजे.

स्वतः करणार असाल तर अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या भागातून पॅलेटची (माल रचायच्या लाकडी चौकटीची) जुनी फळी मिळवता येते. तिच्यावरचा शिक्का वाचा. 'एचटी' म्हणजे नुसती उष्णता दिलेली, ती घ्या. 'एमबी' असेल तर धुरीसाठी विषारी वायू वापरलेला आहे, ती सोडा.

टांगू नका, ठोका

दोरीवर हेलकावे खाणारं घर पक्ष्याला आवडत नाही. भिंतीला किंवा खांबाला, ८ ते १० फुटांवर, पक्कं बसवा. आपल्याकडे पावसाची झड पश्चिम-नैर्ऋत्येकडून येते आणि दुपारचं ऊनही पश्चिमेचंच. तेव्हा दाराचं तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला. गॅलरीचं छत वर असेल तर उत्तम.

चिमण्या शेजारानं राहतात, तीन-चार घरटी हातभर अंतरावर लावली तरी चालतं. दयाळ मात्र दुसऱ्या दयाळाला आसपास फिरकू देत नाही, त्याच्यासाठी एका अंगणात एकच. घरटं खिडकीजवळ असेल तर आतल्या पंख्याकडे बघा. चिमणी खोलीत शिरते आणि फिरत्या पात्याला धडकते. विणीच्या दिवसांत त्या खिडकीला जाळी लावाच.

जानेवारी संपायच्या आत घरटं जागेवर हवं, कारण फेब्रुवारीपासून नर जागा हेरायला लागतात. संक्रांतीनंतर गच्ची आणि झाडं फिरून अडकलेला मांजा काढून टाका. एक हातभर नायलॉनचा तुकडा पंख कापायला पुरतो.

दाणे: थोडे, कोरडे, बिनमिठाचे

बाजरी, राळा, तांदळाची कणी. एवढंच. शेव, फरसाण, खारी, पाव देऊ नका. मीठ आणि तेल त्यांच्या पोटाला झेपत नाही. पसरट ताटलीत दाणे टाकले की दहा मिनिटांत पारव्यांची पंगत बसते, आणि मग सोसायटीची सभा. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाचा गंभीर आजार होऊ शकतो, तेव्हा शेजाऱ्यांची तक्रार खोटी नसते. उपाय भांड्याच्या निवडीत आहे. उभ्या नळीचं फीडर घ्या, ज्याच्या दांड्या बोटाच्या दोन पेरांएवढ्याच असतात. चिमणी, मुनिया त्यावर बसतात, पारव्याला तोल सांभाळता येत नाही. ताटलीच हवी असेल तर तिच्याभोवती दीड इंची चौकोनी जाळीचा पिंजरा करून घ्या. खाली सांडणारे दाणे रोज झाडा.

दुपारपर्यंत संपेल एवढंच घाला. पावसाळ्यात नळीच्या तळाशी ओल धरते, दाण्यांना बुरशी येते, आणि ते दाणे उपाशी राहण्यापेक्षा वाईट. जुलै-ऑगस्टमध्ये मी फीडर उतरवून ठेवते. बाहेर गवताला बी आणि किडे भरपूर असतात.

बुलबुल, तांबट, कोकिळेसाठी पपईची फोड किंवा पिकलं केळं खिळ्याला अडकवा. द्राक्षांच्या हंगामात घरोघरी गळालेले मणी उरतात, तेही चालतील, पण फवारणीचं पीक आहे, आधी नीट धुवा. आणि एक गोष्ट: चिमणीची पिल्लं दाण्यावर वाढत नाहीत, त्यांना अळ्या आणि किडे लागतात. कुंड्यांवर कीटकनाशक मारायचं आणि शेजारी घरटं लावायचं, यात अर्थ नाही.

पाणी

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर मातीच्या परातीवर घाला. जे दाणे खात नाहीत ते शिंजीर, शिंपी, दयाळसुद्धा पाण्याला येतात. आतून खरखरीत, कडेला इंचभर आणि मध्ये दोन इंचांहून खोल नसलेली परात, आत एक दगड. जमिनीवर नको, मांजर टपून असतं. रोज पाणी ओता, काथ्याने घासा, साबण नको. पाणी आठवडाभर साचलं की तुम्ही डास पाळताय.

आल्यावर

नवीन घरट्यात कोणी यायला आठ दिवस लागतात किंवा एक वर्ष. उचलून जागा बदलत बसू नका. नर छपरावर बसून चिवचिवाट करायला लागला आणि चोचीत काडी दिसली, की हात मागे घ्या. अंडी साधारण १२-१३ दिवसांत फुटतात, पुढे दोन आठवड्यांत पिल्लं उडतात. मध्येच उघडून फोटो काढू नका. अंडी किंवा पिल्लं असलेलं वन्य पक्ष्याचं घरटं काढणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग ते आपल्या एसीच्या मागे का असेना.

पिल्लं उडाल्यावर चार-पाच दिवस थांबा, नाकाला रुमाल बांधा आणि आतलं सगळं काढा, नाहीतर पिसवा पुढच्या वीणीची वाट बघत राहतात. आमच्या दुसऱ्या घरट्यातून (हे काकांनीच केलेलं, बिनरंगाचं, ओबडधोबड) गेल्या मे महिन्यात निघालं ते असं: केरसुणीच्या काड्या, देवघरातल्या दोन वाती, कोंबडीची पिसं, आणि मी महिनाभर शोधत असलेली लोकरीची हिरवी लड, जवळजवळ अख्खी. फळी कडक पाण्याने धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली, परत ठोकली. चौथ्या सकाळी नर छपरावर होता.