माळावरच्या वस्तीवर बाप-लेक दोघंच राहणार असाल तर

सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळाकडे किंवा मोहोळच्या कोरडवाहू पट्ट्यात, गावापासून दोन-तीन किलोमीटर आत लेकीला घेऊन राहायचं, तर शेड उभं करण्याआधी चार जणांना सांगा: पोलीस पाटील, आशाताई, शाळेतल्या बाई आणि शेजारच्या वस्तीवरची एखादी मावशी. लोकांच्या नजरेआड व्हायला माळ गाठणाऱ्याला हे नकोसं वाटतं. पण रात्री दोनला गाडी घेऊन धावणारं माणूस यांच्यातूनच मिळतं.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा वीतभर थर टाकून वर जुनी जाळी ताणा आणि तिच्या कडांना दगड बांधा. नुसतं पाचट वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात उडतं. पाचट पेटतं, म्हणून चूल शेडपासून लांब आणि आडोशाला.

कडब्याची गंज भिंतीला टेकून रचू नका. गंजीत उंदीर, उंदरामागे साप. खरा धोका मण्यारीचा. ती रात्री फिरते, जमिनीवरच्या अंथरुणात शिरते आणि चावलेलं अनेकदा कळतही नाही. पोरगी पहाटे उठून पोट दुखतंय म्हणाली, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर ओवा देत बसू नका. मण्यार चावली असंच धरून निघा. तिला कायम बाजेवर झोपवा, मच्छरदाणीची कड चारही बाजूंनी गादीखाली खोचा. मच्छरदाणी नुसती लोंबती ठेवली तर ती डासांपुरतीच.

दंश झाला तर ब्लेड नको, आवळपट्टी नको, चोखणं नको. बांगड्या, पैंजण, हातातला दोरा काढा. हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून हलू देऊ नका, तिला चालवू नका, लाळ गळत असेल तर कुशीवर निजवा आणि १०८ लावा. साप मारून नेण्याची गरज नाही; आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर चालते. लस कुठल्या सरकारी दवाखान्यात असते, हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवा.

विंचवाचं तसंच. लाल विंचू चावून दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं सुरू झालं की दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनची गोळी रुळवल्यापासून पोरं वाचतात, पण ती वेळेत मिळाली तर. चप्पल आणि दप्तर रोज झटकायची सवय लावा.

दोघांच्या पिण्याला-स्वयंपाकाला उन्हाळ्यात रोज १५ लिटर पाणी धरा. विहिरीचं असेल तर उकळूनच. चूल पेटणार नाही त्या दिवसांसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात असू द्या. नान्नजकडे लांडगे आहेत, तेव्हा दिवेलागणीला शेळ्यांमागे तिला एकटीला धाडू नका.

शाळा लांब म्हणून नाव काढू नका. पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या, आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत नसेल, तर वाहतुकीच्या सोयीसाठी अर्ज करता येतो. तो मुख्याध्यापकांकडे लेखी द्या.

बाप लोक टाळतात ती गोष्ट पाळीची. नववं सरलं की मावशीकडून तिला सगळं सांगून घ्या, पिशवीत दोन पॅड आणि जादा चड्डी ठेवा. कापड वापरत असेल तर ते साबणाने धुऊन भर उन्हात, उघड्या दोरीवर वाळू द्या. कपड्यांखाली लपवून दमट कोपऱ्यात वाळवलं की खाज सुटते, चट्टे येतात. दोरी तुम्हीच बांधा.