‘पहिला कोण?’ हा प्रश्न आला की

प्रश्नमंजुषेत अशा प्रश्नाला सगळ्यात प्रसिद्ध नाव चटकन तोंडावर येतं आणि गुण तिथेच जातात. विमानाने न थांबता अटलांटिक पहिल्यांदा कोणी ओलांडला? बरेच जण लिंडबर्ग म्हणून मोकळे होतात. तो गेला १९२७ मध्ये, एकटा. अल्कॉक आणि ब्राउन ही जोडी १९१९ मध्येच पलीकडे पोचली होती. प्रश्नात ‘एकट्याने’ होतं का, एवढ्यावर सगळं फिरतं.

म्हणून ‘पहिला’च्या आगेमागे कोणता शब्द आहे तो आधी पकडा. पहिली महिला पंतप्रधान श्रीलंकेच्या सिरिमाओ बंदरनायके, १९६०. पहिली महिला राष्ट्राध्यक्ष मात्र अर्जेंटिनाच्या इसाबेल पेरॉन, १९७४. पतीच्या निधनानंतर उपाध्यक्षपदावरून त्या वर चढल्या. ‘जनतेने थेट निवडलेली’ असं विचारलं, तर आइसलँडच्या विग्दिस फिनबोगादोतिर, १९८०. तीन शब्द, तीन उत्तरं.

साल ओळखायचं असेल तर प्रत्येक विषयाचे दोन-तीन खुंटे पाठ असू द्या. अंतराळासाठी १९५७ (पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक), १९६१ (पहिला अंतराळवीर गागारिन) आणि १९६९ (चंद्रावर माणूस) पुरतात. पहिला स्पेसवॉक? गागारिननंतर आणि चंद्राआधी, म्हणजे मधलं १९६५ लिहा. नेमकं तेच बरोबर आहे, पण दरवेळी नशीब इतकं साथ देत नाही.

शोधांच्या बाबतीत आपला अंदाज हमखास अलीकडे सरकतो. फॅक्सचं पेटंट १८४३ चं, टेलिफोनचं १८७६ चं! पेटंट, प्रात्यक्षिक आणि विक्री यांची सालं वेगळी असतात, तेव्हा नेमकं कशाचं साल हवंय ते विचारून घ्या.

गटात खेळताना प्रत्येकाने आधी आपलं उत्तर कागदावर लिहावं, ३० सेकंद कोणी बोलायचं नाही. नाहीतर मोठ्या आवाजाचा माणूस सगळ्यांना घेऊन बुडतो. सालाला गुण असे द्या: अचूक ३, पाच वर्षांच्या आत २, दहाच्या आत १. सन १५०० आधीच्या घटनांना ही मुभा पन्नास वर्षांपर्यंत वाढवा.

प्रश्न काढणाऱ्यानेही जपून लिहावं. ‘पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा कोणी केली?’ असं विचारलं की भांडण ठरलेलं. मोहीम मॅगेलनची, पण तो १५२१ मध्ये फिलिपिन्समध्ये मारला गेला. १५२२ मध्ये जहाज परत आणलं एल्कानोने. ‘मोहिमेचा प्रमुख कोण?’ किंवा ‘जहाज परत कोणी आणलं?’ असं सरळ विचारा.